पाटीवर देशाचं नाव नाही

अगं, मावशीचा फोन येऊन गेला. तुझ्या ॲडमिशनचं कौतुक दोन वाक्यांत आटोपलं आणि मग एकच धोशा, "जिथे आपला दूतावासच नाही, तिथे पोरीला पाठवायचं कसं?" काकांनी म्हणे गूगलवर 'तैवानमधला भारतीय दूतावास' शोधला, तो सापडला नाही, तेव्हापासून घरात सगळे गप्प गप्प आहेत. त्या दोघांची समजूत मी घालते. पण तुला काही गोष्टी आत्ताच सांगून ठेवते, कारण तिथल्या शिंचू शहरात एवढी वर्षं काढल्यावर मला एक नक्की कळलंय. दोन देशांत संबंध नसले की जिथे अडेल असं वाटतं, तिथे काही अडत नाही. आणि जिथे अडेल असं कुणाच्या मनातही येत नाही, तिथे हमखास अडतं.

आधी काकांची शंका घेऊ. दूतावास नाही हे खरंच आहे. भारताने 30 डिसेंबर 1949 ला बीजिंगच्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि तैपेईत जाऊन बसलेल्या चँग कै-शेक यांच्या सरकारशी असलेले संबंध तिथेच संपले. ते औपचारिकपणे पुन्हा जुळलेच नाहीत. पण 1995 मध्ये दोन्हीकडून एक तोड निघाली. तैपेईत 'इंडिया तैपेई असोसिएशन' सुरू झालं आणि दिल्लीत 'तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्र'. नावं वाचून वाटावं, इथे शनिवारी भरतनाट्यमचे वर्ग भरत असतील! प्रत्यक्षात तैपेईतल्या आपल्या कार्यालयाचे प्रमुख भारतीय परराष्ट्र सेवेतले अधिकारी असतात. फक्त त्यांना राजदूत म्हणायचं नाही, महासंचालक म्हणायचं. पासपोर्टचं काम तिथे होतं, तैवानी माणसाला भारताचा व्हिसा तिथे मिळतो. काकांना म्हणावं, दूतावास शोधू नका, असोसिएशन शोधा. तैपेई 101 च्या उंच मनोऱ्यापासून जवळच आहे.

आपल्या भाऊबंदकीतलाच प्रकार समज. थोरल्या घराला राग येईल म्हणून धाकट्या घराशी पुढच्या दाराने बोलायचं नाही, पण मागच्या दाराने विरजणाची वाटी रोज जाते-येते, आणि ते थोरल्या घरालाही ठाऊक असतं. म्हणून तर दोन्ही कार्यालयांच्या पाटीवर शहराचं नाव आहे, 'तैवान' नाही आणि त्यांचं अधिकृत नाव 'रिपब्लिक ऑफ चायना' तर नाहीच नाही. करारसुद्धा असेच होतात. दोन ठिकाणी एकाच उत्पन्नावर कर बसू नये यासाठीचा 2011 चा करार काय किंवा भारतीय कामगारांना तिकडे नेण्याबद्दलचा फेब्रुवारी 2024 चा सामंजस्य करार काय, सह्या दोन सरकारांच्या नाहीत, या असोसिएशनच्या आणि त्या केंद्राच्या आहेत. सह्या कुणाच्याही असोत, करात सवलत खरीच मिळते.

आणि हे फक्त आपलंच आहे असं समजू नकोस. अमेरिकेने 1979 मध्ये तैपेईशी संबंध तोडले आणि त्याच वर्षी कायदा करून 'अमेरिकन इन्स्टिट्यूट इन तैवान' उभं केलं. सुरुवातीची बरीच वर्षं तिथे जाणाऱ्या अमेरिकन अधिकाऱ्याला परराष्ट्र खात्यातून कागदोपत्री बाहेर पडावं लागायचं, आणि मुदत संपली की परत रुजू व्हायचं. भूतानचं बघ. त्यांचं अमेरिकेशी काडीचं भांडण नाही, तरी औपचारिक संबंध नाहीत. कामकाज दिल्लीतल्या अमेरिकन दूतावासामार्फत चालतं. इराणची गोष्ट कडवट आहे. 1980 मध्ये संबंध तुटल्यावर तेहरानमधल्या अमेरिकन नागरिकांची बाजू स्विस दूतावास बघत आला. पण इराणी माणसाला अमेरिकेचा व्हिसा हवा असेल तर त्याला अंकारा, अबू धाबी किंवा येरेवान गाठावं लागायचं. मुलाखतीसाठी दुसऱ्या देशात, तिथला हॉटेलचा खर्च वेगळा, आणि नकार मिळाला तर तो घेऊन परत. त्यांच्याशी ताडून बघितलंस तर तुझी वाट बरीच सोपी आहे.

आपल्या दाराशी घडलेलंही एक उदाहरण आहे. भारताने इस्रायलला मान्यता दिली 1950 मध्ये, पण पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला 1992 उजाडलं. मधली चाळीस वर्षं इस्रायलचा वाणिज्य दूतावास होता तो दिल्लीत नव्हे, मुंबईत. 1953 पासून. अलिबाग, पेण, रोह्याकडची बेने इस्रायली कुटुंबं याच काळात हजारोंनी तिकडे गेली. दोन देशांत एकही राजदूत नसताना अख्खा समाज घरदार आवरून, आपली मराठी बरोबर घेऊन, समुद्रापार गेला. व्हिसा देणं हा काही राजदूताचा मक्ता नाही. 1963 च्या व्हिएन्ना करारातही लिहिलंय की राजनैतिक संबंध तुटले म्हणून वाणिज्यदूतांचं काम आपोआप बंद पडत नाही. काकांना कायद्याचं कलमच हवं असतं, म्हणून हे सांगितलं.

आता तुझ्या कामाचं. तुझ्या नशिबाने तैपेई केंद्राचं मुंबईतलं कार्यालय 16 ऑक्टोबर 2024 ला उघडलं. दिल्ली, चेन्नई आणि आता मुंबई. बीजिंगने लगेच भारताकडे निषेध नोंदवला, आणि इकडे खिडकी सुरूही झाली. पश्चिम भारतातल्या लोकांचे व्हिसा आणि कागदपत्रांचं प्रमाणीकरण ही त्या कार्यालयाची मुख्य कामं. माझ्या वेळी सगळं दिल्लीला जायचं. तुला नाशिकहून सकाळची गाडी पकडून जाता येईल. जायच्या आधी अपॉइंटमेंटचे नियम मात्र त्यांच्याच साइटवर बघ, कुणाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.

मी म्हटलं ना, मनात येत नाही तिथे अडतं? ती जागा म्हणजे तुझं डिग्री सर्टिफिकेट. अमेरिकेला जाणाऱ्या तुझ्या मैत्रिणींनी 'अपोस्टिल' करून घेतलं असेल. परराष्ट्र मंत्रालयाचा तो एक स्टिकर लागला की काम झालं, कारण अमेरिका 1961 च्या हेग करारात आहे आणि 2005 पासून भारतही आहे. तैवान त्या करारात नाही. तिथे अपोस्टिल चालत नाही. म्हणजे तुला जुन्या पद्धतीची पूर्ण साखळी करावी लागणार. आधी राज्याच्या शिक्षण खात्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं साधं अटेस्टेशन, आणि सगळ्यात शेवटी तैपेई केंद्राचं प्रमाणीकरण. डिग्री आणि गुणपत्रिका, दोन्हींचं. क्रम चुकला तर पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीला एका एजंटाने छातीठोकपणे अपोस्टिल करून दिलं, वर 'हेच लागतं मॅडम, जगभर चालतं' असंही ऐकवलं. पैसे गेले ते गेलेच, सेमिस्टरही गेलं. एजंट वाईट असतात असं मी म्हणत नाही, पण त्यांच्याकडे येणारे शंभरातले नव्वद लोक हेग करारातल्या देशांना जातात, त्यामुळे त्यांचा हात त्याच खिशात जातो. तू पावतीवर 'तैवानसाठी, अपोस्टिल नव्हे' असं लिहूनच घे. आणि घाईने लॅमिनेशन करून ठेवलं असशील तर आधी ते काढून घे, लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का बसत नाही.

जन्मदाखल्याचंही याच फेरीत उरकून घे. आज लागणार नाही, पण उद्या कशाला तरी लागेलच, आणि तेव्हा तिकडून हे सगळं करणं म्हणजे काकांना मंत्रालयाच्या चकरा.

वैद्यकीय तपासणीचा ठरलेला फॉर्म असतो. छातीचा एक्स-रे, गोवर-रुबेलाच्या प्रतिकारशक्तीचा पुरावा, आणि रक्ताची तपासणी. त्यात सिफिलिसचीही असते. मावशीसमोर फॉर्म उघडू नकोस, उगाच दोन तासांचं व्याख्यान होईल. तो सगळ्यांनाच असतो. फक्त फार आधी करून ठेवू नकोस, अर्जाच्या वेळी रिपोर्ट तीन महिन्यांच्या आतला लागतो.

व्हिसा कुठला घ्यायचा, यातही गल्लत होते. पदवीसाठी जाणाऱ्याला 'रेसिडेंट' व्हिसा लागतो, नुसतं चिनी भाषा शिकायला जाणाऱ्याला सहसा 'व्हिजिटर' व्हिसा मिळतो. तुझा रेसिडेंट. तो एकदाच आत शिरण्यापुरता असतो. उतरल्यावर तीस दिवसांच्या आत इमिग्रेशन एजन्सीत जाऊन रहिवासी कार्ड काढायचं, त्याला सगळे 'एआरसी' म्हणतात. पूर्वी ही मुदत पंधरा दिवसांची होती, 2024 पासून तीस झाली. तरी पहिल्याच आठवड्यात जा. बँक खातं, मोबाईलचं कनेक्शन, घराचा करार, सगळं त्या कार्डाच्या नंबरावर चालतं. दिवाळीला घरी येऊन परत जायचं असेल तर त्यावर पुन्हा प्रवेशाची सोय आहे ना, हे काउंटरवरच विचारून घे.

सरकारी आरोग्य विमा रहिवासी कार्ड मिळाल्यावर सहा महिन्यांनी लागू होतो, आणि तो इतका चांगला आहे की पुढे तुला भारतातले दवाखाने महाग वाटतील. पहिल्या सहा महिन्यांसाठी मात्र इथूनच पॉलिसी काढून ने. पॉलिसी काढताना डोळे उघडे ठेव. ऑनलाइन फॉर्ममध्ये देश निवडायची यादी असते ना, तिथे तैवान कुठे लपलेला असेल सांगता येत नाही. देशांच्या आंतरराष्ट्रीय कोडच्या यादीत त्याची नोंद 'तैवान, प्रॉव्हिन्स ऑफ चायना' अशी आहे, त्यामुळे कुठे तो टी मध्ये सापडतो, कुठे सी मध्ये, कुठे नुसताच 'चायना' असतो. विमानाच्या तिकिटांतही तेच. 2018 मध्ये चीनच्या विमान वाहतूक प्राधिकरणाने परदेशी कंपन्यांना दटावलं, आणि एअर इंडियानेही आपल्या साइटवर 'तैवान'चं 'चायनीज तैपेई' करून टाकलं. ऑलिंपिकमध्ये त्यांचा संघ याच नावाने उतरतो. नाव काहीही असू दे, तू विमानतळाचा कोड बघ, टीपीई. आणि विम्याच्या पॉलिसीवर नुसतं 'चायना' छापून आलं तर ती परत कर. क्लेम करायची वेळ आली की तिथला माणूस नकाशा काढून बसेल.

आणखी एक गंमत, गंमत म्हणजे डोक्याला ताप. तिथल्या सरकारी कागदांवर 114 किंवा 115 असं वर्ष दिसलं तर घाबरू नकोस. त्यांचं वर्ष 1912 पासून मोजतात. त्यात 1911 मिळव, आपलं सन येतं. भारतात परत आल्यावर एखादा बँकेतला माणूस 'मॅडम, हे सर्टिफिकेट सन 114 चं आहे' म्हणणार, तेव्हा इंग्रजी प्रत आधीच काढलेली बरी.

प्रवासाचं. हाँगकाँगला विमान बदलणार असशील आणि ट्रान्झिटमधून बाहेर पडणार नसशील तर वेगळं काही लागत नाही. पण स्वस्त पडतात म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढलीस आणि मध्ये सामान घेऊन पुन्हा चेक-इन करायची वेळ आली, तर तू हाँगकाँगमध्ये शिरतेस, आणि त्यासाठी भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. 2017 पासून. हजारभर रुपये वाचवायच्या नादात काउंटरवर रडणारी मुलं मी बघितली आहेत. तैवानचा व्हिसा हाँगकाँगमध्ये चालत नाही, चीनमध्ये तर नाहीच, आणि चीनचा तैवानमध्ये नाही. तीन वेगळी दारं आहेत.

पासपोर्ट हरवला तर? हा प्रश्न काका विचारणारच. आधी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार, तिथला नंबर 110. मग ती प्रत घेऊन तैपेईच्या असोसिएशनमध्ये. नवा पासपोर्ट किंवा घरी परतण्यापुरतं आणीबाणीचं प्रमाणपत्र तिथूनच मिळेल. शिंचूहून तैपेई जलद रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. पासपोर्ट, व्हिसा आणि कार्ड यांचे फोटो मला आणि मावशीला पाठवून ठेव, स्वतःच्या फोनमध्येच ठेवून काय उपयोग? फोन आणि पासपोर्ट एकाच पर्समध्ये असतात आणि एकदमच जातात.

पार्ट-टाइम काम करावंसं वाटेल. कर, पण आधी वर्क परमिट काढ. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तास, त्याहून जास्त नाही. भारतीय उपाहारगृहाचा मालक 'अगं, आपल्यातलंच आहे, परमिट कशाला' म्हणेल. त्याला दंड होईल, तुला देश सोडावा लागू शकतो.

मावशी-काका तुला भेटायला येतील तेव्हा व्हिसाच्या रांगेत उभं राहायची कदाचित गरजच पडणार नाही. दोघांच्या जुन्या पासपोर्टांवर अमेरिकेचा व्हिसा आहे ना? अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान, कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा शेंगेन देशांचा व्हिसा असेल, अगदी संपून दहा वर्षं झाली नसतील तरीही, भारतीयांना तैवानचं प्रवास परवानगीपत्र ऑनलाइन आणि फुकट मिळतं. एका फेरीत चौदा दिवस राहता येतं. परतीचं तिकीट मात्र हवं. जुने पासपोर्ट माळ्यावर टाकले असतील तर आत्ताच उतरवून ठेवायला सांग.

आता जरा नाजूक. होस्टेलमध्ये तुझ्या खोलीत तैवानी मुलगी असेल, शेजारच्या खोलीत कदाचित मलेशियन चिनी, आणि वर्गात कुणाची तरी आजी शांघायची निघेल. तू पहिल्याच महिन्यात 'पण मग तैवान देश आहे की नाही?' असं विचारायला जाऊ नकोस. त्या मुलीच्या आयुष्यात हा प्रश्न दर विमानतळावर उभा राहतो. तिच्या पासपोर्टवर 2003 मध्ये 'तैवान' हा शब्द आला, आणि 2021 च्या नव्या मुखपृष्ठावर तो मोठा झाला, 'रिपब्लिक ऑफ चायना' इंग्रजीत बारीक. तिच्या देशाशी राजनैतिक संबंध ठेवणारे देश डझनभर, त्यात नाऊरूही 2024 मध्ये गळाला. तरी तो पासपोर्ट घेऊन ती शेंगेन देशांत 2011 पासून आणि अमेरिकेत 2012 पासून व्हिसाशिवाय जाते, आणि यातल्या एकाही देशाने तिच्या सरकारला मान्यता दिलेली नाही. आपल्या पासपोर्टला सगळ्या जगाची मान्यता, आणि रांगेत उभे आपण. मला याचा कधीकधी राग यायचा, खरं सांगते.

तीच मुलगी शांघायला निघाली की पासपोर्ट पर्समध्येच ठेवते. चीन तिला व्हिसा देत नाही, कारण व्हिसा द्यायचा तर तिला परदेशी मानावं लागेल. त्याऐवजी 'तैवान बांधवां'साठीचं म्हणून एक वेगळं प्रवास कार्ड देतो. ते कार्ड खिशात ठेवायला तिला आवडतं की नाही, हे ती आपणहून सांगेल तेव्हा ऐक. आपल्यालाही हा डाव नवा नाही. जम्मू-काश्मीरच्या लोकांना 2009 च्या सुमाराला चीनने पासपोर्टवर न चिकटवता सुट्या कागदावर, स्टेपल करून व्हिसा दिले होते. 2023 मध्ये अरुणाचलच्या तीन वुशू खेळाडूंना तसेच दिले, आणि भारताने चेंगडूच्या स्पर्धेला वुशूचा संघच पाठवला नाही. पिन कुठे टोचायची ते त्यांना बरोबर कळतं.

सेमिस्टर संपल्यावर मैत्रिणीला घरी आणायचं मनात आलं तर खुशाल आण. तैवानच्या लोकांना 2015 पासून भारताचा ई-व्हिसा मिळतो, मुंबई विमानतळावर चालतो. अर्ज निदान चार दिवस आधी करायला सांग, आणि तो भारत सरकारच्याच साइटवर. हुबेहूब तशा दिसणाऱ्या, दुप्पट-तिप्पट पैसे घेणाऱ्या खाजगी साइट्स ढिगाने आहेत. नाशिकला न्यायचीच असेल तर डिसेंबरात ने. मे महिन्यात बिचारीला मावशी आमरसावर आमरस वाढेल, आणि आपल्या उन्हाची तिला सवय नाही.